कागद खोटा निघाल्यावर

मराठी वृत्तपत्रांच्या धैर्याचा विषय निघाला की आपण थेट १८९७ आणि १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यांवर येतो. ते खटले मोठेच आहेत. पण पत्रकाराच्या इमानाचा विचार करायचा झाला तर माझं मन त्याच्याही मागे, १८८२च्या कोल्हापूर प्रकरणाकडे जातं. त्या खटल्यात टिळक आणि आगरकर हरले, आणि ज्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी लिहिलं होतं ती पत्रं बनावट होती. ‘डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस’ एवढ्या एका ओळीत आपण हे प्रकरण आटोपतो, जणू तीही देशासाठी भोगलेली आणखी एक शिक्षा होती. ते तसं आटोपू नये. बातमीच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ते पहिल्या आठवड्यात वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळी ‘केसरी’ला जेमतेम वर्ष होत होतं. २ जानेवारी १८८१ला ‘मराठा’ निघाला, दोन दिवसांनी ‘केसरी’. मराठी पत्र आगरकर बघत, इंग्रजी टिळक. दोघांनी पंचविशी नुकतीच गाठलेली. तिकडे कोल्हापुरात छत्रपती चौथे शिवाजी गादीवर होते. १८७१मध्ये दत्तक आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे या मुलाला वेड लागल्याचं ठरवण्यात आलं, आणि राज्याची सूत्रं कारभारी माधवराव बर्वे यांच्या हाती राहिली. मुलाला कोंडून ठेवतात, मारतात, त्याच्या वेडाचं कारण हा छळच आहे, अशा हकिकती पुण्यापर्यंत येत होत्या. शिवाजी महाराजांच्या गादीवरचा वारस असा हालात पडलाय, ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागलेली होती.

अशा हवेत बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रं पुण्यात आली. महाराजांविरुद्धच्या कारस्थानात कारभाऱ्यांचा हात असल्याचं त्यांवरून दिसत होतं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्या आधाराने कडक लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट असल्याचं उघड झालं. संपादकांनी बर्व्यांची माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली आणि २६ ऑक्टोबरला, एकशे एक दिवसांनी, ते सुटले. हा खटला मानेवर असतानाच त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचे सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर एकतिसाव्या वर्षी गेले. जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजारांना उभे राहिले ते सत्यशोधक समाजाचे रामशेठ बापूशेठ उरवणे, जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले. ज्यांच्याशी या तरुण मंडळींचं वैचारिक जमणं कठीण, त्यांनीच हात दिला. या जामिनाची आठवण मला खटल्याइतकीच मोलाची वाटते.

आता पुढचं ऐका. २५ डिसेंबर १८८३ला हे चौथे शिवाजी अहमदनगरला वारले. देखरेखीला ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि तिच्यात त्यांचा अंत झाला. वय वीस. म्हणजे पुण्यात जी काळजी वाटत होती ती पोकळ नव्हती. त्या मुलाचे हाल होत होते. ‘केसरी’कर्त्यांची कळकळ खरी होती, रोख बराचसा बरोबर होता, आणि हातातला कागद मात्र खोटा होता. तो कागद खोटा निघाल्यामुळे काय झालं बघा. ज्याच्याकडे जाब मागायचा होता तो फिर्यादी झाला. कोर्टापुढे प्रश्न उरला बर्व्यांच्या अब्रूचा. कोल्हापूरच्या वाड्यात कोंडलेला मुलगा त्या कोर्टापुढच्या प्रश्नात कुठेच नव्हता.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. तिथे आमचे एक मुख्य उपसंपादक होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. एकदा मुलींच्या एका वसतिगृहाची बातमी आली. जेवणात अळ्या, आठवडाभर दूध नाही, आणि यासंबंधी वरिष्ठ कार्यालयाने आधीच ताशेरे मारलेलं एक पत्र, शिक्क्यासह, मोबाइलवर आलेलं. बातमी पहिल्या पानाची होती. आमच्या सगळ्यांच्या अंगात उत्साह आला, कारण त्या वसतिगृहाबद्दल आम्ही आधीपासून ऐकून होतो आणि तिथला कारभार बिघडलेला असणार याची आम्हाला खात्रीच होती. या गृहस्थांनी पत्र मोठं करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “जावक क्रमांक कुणी तपासला?”

सरकारी कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख असते, आणि ती तिथल्या नोंदवहीत चढवलेली असते. दुसऱ्या दिवशी आमचा बातमीदार त्या कार्यालयात गेला. त्या क्रमांकावर भलतंच पत्र नोंदलेलं होतं, फर्निचरच्या दुरुस्तीसंबंधीचं. बातमी थांबली. रात्री एक तरुण सहकारी चिडून म्हणाला, “सर, पण मुली उपाशी आहेत हे तर खरंच आहे ना?” ते म्हणाले, “म्हणूनच म्हणतो बाबा. खरं आहे तर ते खऱ्या मार्गाने येऊ दे. उद्या हे पत्र खोटं म्हणून त्यांनी पत्रकार परिषद घेतली, की मुलींचं कोण ऐकणार?”

पुढच्या काही दिवसांत बातमीदार मुलींच्या आयांना भेटला, किराणा पुरवणाऱ्याची बिलं पाहिली, वॉर्डनचं म्हणणं घेतलं. बातमी आली. तिच्यात ते पत्र नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही.

ते बनावट पत्र कुणी केलं असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ते एखाद्या वाईट माणसाचं काम नसावं. आतल्याच कुणाला तरी ते हाल बघवत नसतील, आणि पुरावा मिळेपर्यंत थांबण्याचा धीर राहिला नसेल. कोल्हापूरची पत्रं ज्यांनी बनवली त्यांच्या मनात काय होतं हे तेच जाणोत. पण आपल्याला जे खरं व्हावंसं वाटतं त्याचाच पुरावा कुणी आयता आणून देतो तेव्हा बातमीदाराने सगळ्यात जास्त सावध व्हायला हवं, हे मी त्या रात्री शिकलो. आपल्या विरोधातला कागद आपण चारदा उलटापालटा करून बघतो. आपल्या बाजूचा कागद एकदाही नाही.

टिळक-आगरकरांचं मोठेपण मला कुठे दिसतं? फसले यात नाही. फसणं कुणाच्याही वाट्याला येतं. कागद खोटा निघाल्यावर ते कसे वागले, यात दिसतं. त्यांनी माफी मागितली, शिक्षा भोगली आणि बाहेर येऊन पत्र चालू ठेवलं. आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. तुरुंगात दोघे रात्री मोठमोठ्याने वाद घालत, पुढच्या शिक्षणसंस्थेची स्वप्नं बघत. न्यू इंग्लिश स्कूल १८८०पासून चालूच होतं. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. चूक झाल्याची नोंद ज्यांच्या नावावर उघडपणे आहे, अशांच्या हाती लोकांनी आपली मुलं सोपवली. चूक कबूल केली तर विश्वास जातो, अशी भीती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये फार खोल बसलेली आहे. या उदाहरणाने ती निघून जायला हवी होती.

आज छापलेल्या चुकीचं पुढे काय होतं ते वाचकाला ठाऊक आहे. पहिल्या पानावर चार कॉलम छापलेल्या बातमीचा खुलासा आठवड्याने पाचव्या किंवा नवव्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी, एका कॉलममध्ये येतो. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारनिकषांत स्पष्ट म्हटलं आहे की दुरुस्ती तत्परतेने आणि पुरेशा ठळकपणे छापावी आणि चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी. पण कौन्सिलच्या हातात ताकीद देणं, समज देणं आणि निषेध नोंदवणं एवढंच आहे. ज्याला लाज आहे त्यालाच ते लागतं. वेबसाइटवर तर आणखी सोपं झालं आहे. मथळा गुपचूप बदलायचा, परिच्छेद उडवायचा. लिंकमध्ये मात्र जुन्या मथळ्याचे शब्द तसेच राहतात आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या मजकुराचा स्क्रीनशॉट फिरत राहतो. बदल केला तर तो वरच, तारीख-वेळ घालून, काय चुकलं होतं ते सांगून करावा. याला पैसा लागत नाही, यंत्रणा लागत नाही, फक्त तशी तयारी लागते.

पण कोल्हापूर प्रकरणात एक गोष्ट अशी आहे जी मला जास्त अस्वस्थ करते. बर्वे फिर्याद करू शकले. त्यांच्याकडे पद होतं, वकील होते, इंग्रज सरकार पाठीशी होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्याबद्दल खोटं छापलं तर?

आमच्या कार्यालयात एक शेतकरी आला होता. हातात कात्रण, चार ओळींचं. त्याच्या भावाने आत्महत्या केली होती आणि बातमीत ‘दारूच्या नशेत’ असे दोन शब्द होते. पोलीस ठाण्यातून फोनवर घेतलेली माहिती, तालुक्याहून जशी आली तशी लागलेली. तो रडला नाही, भांडला नाही. म्हणाला, “साहेब, भाऊ माळकरी होता माझा. थेंबाला शिवला नाही कधी. तुम्ही त्याला दारुडा करून टाकलं.”

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात शासनाकडून कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणं बघितली जातात. व्यसन, घरगुती भांडण, आजारपण असं काही पुढे आलं की गाडी अडते. बातमीच्या कात्रणावर समितीने निर्णय घ्यायचा नसतो हे खरं. पण गावात ते कात्रण फिरतं, तलाठ्याच्या कानावर जातं, पंचनाम्याच्या वेळी शेजारीही तेच बोलायला लागतात. आणि मदत मिळो न मिळो, माळकरी माणसाच्या घराला त्या दोन शब्दांनी जे झालं ते कुठल्या समितीने भरून निघणार?

दुरुस्ती छापली गेली, आणि चांगल्या जागी छापली गेली, याचं समाधान आहे. पण मला तेव्हापासून एक गोष्ट पक्की वाटते. आपण तपासणीचा सगळा जोर मोठ्या बातमीवर लावतो. मंत्र्याबद्दल लिहायचं असेल तर दोन संपादक वाचतात, वकील वाचतो, समोरच्या बाजूला फोन जातो. चार ओळींच्या बातमीला कुणी काही विचारत नाही. आणि गरिबांची नावं छापून येतात ती याच चार ओळींमध्ये. अपघात, चोरीचा संशय, विहिरीत सापडलेला मृतदेह, ‘प्रेमप्रकरणातून’. २०१९मध्ये प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या वार्तांकनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धतीचं वर्णन नको, भडक मथळा नको, ठळक जागी आणि पुन्हापुन्हा नको, फोटो नको. एका ओळीत कारण सांगून मोकळं होणं या तत्त्वांच्या आत्म्यालाच धरून नाही. माणूस का मरतो हे पोलीस ठाण्यातल्या पहिल्या नोंदीवरून कळत नाही. ते माहीत नसेल तर लिहू नये, इतकं सरळ आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत कायद्याने तरी भिंत उभी केली आहे. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ माध्यमांचं नाव घेऊनच बजावतं. तरीही ओळख फुटते, विशेषतः छोट्या गावात. नाव नाही, पण गावाचं नाव, शाळेचं नाव, वडिलांचा व्यवसाय, मुलगी कितवीत आहे. तीन हजार वस्तीच्या गावात आणखी काय सांगायचं राहतं? जम्मूतल्या कठुआच्या बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. त्यात देशातली मोठी, नावाजलेली नावं होती. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हतं. घाई होती, आणि आपल्या बाजूच्या कळकळीची गुर्मीही होती, असं मी म्हणेन. मुलीला न्याय मिळावा म्हणूनच तिचा फोटो लावतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

ज्यांच्याबद्दल चुकीचं छापलं जातं त्यांच्या पलीकडे आणखी माणसं आहेत, ज्यांच्याबद्दल काहीच छापलं जात नाही. इथे कोल्हापूरचा धागा पुन्हा हाती येतो. चौथ्या शिवाजींच्या पश्चात त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १८८४मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. त्याच शाहूंनी १९२०मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२०ला पहिला अंक निघाला. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतर जातींची त्यांना पर्वा नसते, असं त्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी लिहिलं. आणि या नव्या पत्राची जाहिरात, पैसे घेऊनसुद्धा, छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. टिळक तेव्हा हयात होते.

ज्या पत्राने एका राजपुत्राच्या हालांसाठी तुरुंग सोसला, त्याच पत्राने त्याच राजपुत्राच्या वारसाने ज्याच्या पाठीवर हात ठेवला त्या पत्राची दखलसुद्धा घेतली नाही. मला ‘केसरी’बद्दल आदर आहे आणि म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटतं. पण हे बाजूला ठेवून पत्रकारितेच्या इमानाबद्दल बोलता येत नाही. कुणाची बातमी होते आणि कुणाची होत नाही, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसलेला माणूस रोज न्याय किंवा अन्याय करत असतो, एकही खोटं वाक्य न लिहिता. आजही जिल्हा आवृत्तीच्या बैठकीत कुणाची वस्ती पाण्यात बुडाली तर छायाचित्रकार जातो आणि कुणाची बुडाली तर प्रेस नोटची वाट बघितली जाते, हे त्या बैठकीत बसलेल्यांना माहीत आहे.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. आगरकरांचंच उदाहरण घ्या. समाजसुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद झाले. संपादक असून मनातलं लिहिता येईना. १८८७मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेलं शरीर, हातात पैसा नाही, आणि चाळिशी गाठायच्या आत, १८९५मध्ये ते गेले. आपल्याला न पटणारं लिहून जागा टिकवणं त्यांना सहज शक्य होतं.

आता आमच्या तालुका वार्ताहराची स्थिती बघा. त्याला बातमीचे मिळतात ते पैसे सांगायलाही संकोच वाटावा इतके. त्याचं खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस, या प्रत्येक वेळी त्याला टार्गेट दिलेलं असतं. ज्या साखर कारखान्याच्या काट्याबद्दल लिहायचं त्याच कारखान्याच्या अध्यक्षाकडे शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी त्याने जायचं. ज्या ठेकेदाराने रस्ता खाल्ला त्याच्याकडून अर्ध्या पानाचं बिल वसूल करायचं. आणि मग पत्रकार दिनाच्या भाषणात त्याला निर्भीडपणाचे धडे द्यायचे. हे मला अन्यायाचं वाटतं. इमान हा एकेका माणसाचा गुण आहे हे खरं, पण ते रोज विकायला लावणारी व्यवस्था उभी करणाऱ्यांनी त्या माणसाकडे बोट दाखवू नये.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत ही व्यवस्था थेट वरच्या मजल्यावर पोचली. ‘पॅकेज’ हा शब्द तेव्हा राज्यभर झाला. एवढ्याला सभेची बातमी, एवढ्याला मुलाखत, एवढ्याला विशेष पान. पैसे न देणाऱ्याचं नावही येत नव्हतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिलं की एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याचा गौरव करणारा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा छापून आला होता. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांची नावं घेऊन. २०१०मध्ये कौन्सिलने तो आटोपशीर करून नावं गाळली. पुढच्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर पूर्ण अहवाल लोकांसमोर आला. दुसऱ्याची लपवलेली नावं काढण्यासाठी माहिती अधिकार वापरणं हा आमचा रोजचा उद्योग. तोच अधिकार आमची नावं काढण्यासाठी वापरावा लागला. जाहिरात जाहिरात म्हणून छापली तर कुणाचं काही जात नाही. ती बातमीच्या टायपात, बातमीदाराच्या नावासह छापली, की वाचकाने विश्वासाने दिलेले पैसे आपण त्याच्याच फसवणुकीला वापरतो.

आणि याच व्यवस्थेत असेही लोक आहेत. राजापूरचे शशिकांत वारिशे. बारसूच्या नियोजित रिफायनरीवर सातत्याने लिहिणारे. ६ फेब्रुवारी २०२३ला, रिफायनरीच्या समर्थकांपैकी एका जमीन व्यावसायिकाबद्दलची त्यांची बातमी ज्या दिवशी छापून आली त्याच दिवशी, त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. ती गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली ती त्या बातमीत ज्याचं नाव होतं त्याच माणसाला, आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचार सुरू असताना वारिशे गेले. त्याआधी सहा वर्षं, २०१७मध्ये, पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा मंजूर केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा हवाच होता. पण तालुक्याच्या ठिकाणी एकटा फिरणारा वार्ताहर आणि त्याने ज्याच्याविरुद्ध लिहिलं तो माणूस एकाच पेट्रोल पंपावर, एकाच बाजारात, एकाच रस्त्यावर असतात. आपल्या दैनिकाचं कार्यालय आपल्या मागे उभं आहे, हे त्याला आणि त्या दुसऱ्या माणसालाही कळलं पाहिजे. ते कळवणं संपादकाचं काम आहे, आणि तिथे संपादकाच्या इमानाची परीक्षा होते.

सूत्रांच्या संरक्षणाबद्दलही असंच. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८च्या कलम १५मध्ये म्हटलंय की माहितीचा स्रोत उघड करायची सक्ती पत्रकारावर करता येणार नाही. पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. कोर्टात असं कवच नाही. विधी आयोगाने १९८३मध्ये तशी तरतूद सुचवली होती, ती सुचवणीच राहिली. म्हणजे गावातल्या ज्या कारकुनाने जिवावर उदार होऊन आपल्याला खरी फाइल दाखवली, त्याला दिलेला शब्द आपण स्वतःच्या हिमतीवरच पाळायचा आहे. मला विचाराल तर तो शब्द खरी माहिती देणाऱ्याला असतो. ज्याने जाणूनबुजून बनावट कागद हातात ठेवला त्याने तो करार स्वतःच मोडला, आणि वाचकाला त्याचं नाव कळण्याचा हक्क आहे. माझे काही मित्र याला विरोध करतात. एकदा नाव सांगितलं की पुढचा कारकून येणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भीती खरी आहे, तरी माझं मत बदललेलं नाही.

दरवर्षी ६ जानेवारीला, १८३२मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढल्याच्या आठवणीत, आपण पत्रकार दिन करतो. गावोगावी सत्कार होतात, शाल-श्रीफळ होतं, आणि बरेचदा यजमान असतो तो तोच आमदार किंवा तोच कारखाना. हा दिवस वेगळा व्हावा असं मला वाटतं. ‘द हिंदू’ने २००६मध्ये वाचकांचा संपादक नेमला, म्हणजे वाचकाची तक्रार ऐकून घेऊन दुरुस्ती छापण्याचा अधिकार असलेला, संपादकापासून स्वतंत्र माणूस. मराठी दैनिकांनी ही प्रथा उचलावी आणि हे पद फक्त मुंबई-पुण्याला ठेवू नये, प्रत्येक जिल्हा आवृत्तीला द्यावं. त्या माणसाचा फोन नंबर पहिल्या पानावर रोज छापावा, कारण माळकरी भावाचं कात्रण घेऊन येणाऱ्याला ईमेल करता येत नाही. आणि ६ जानेवारीच्या अंकात, पहिल्याच पानावर, वर्षभरात त्या आवृत्तीत काय काय चुकीचं छापलं गेलं याची पूर्ण यादी द्यावी. तारीख, पान, चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य. चार ओळींच्या बातम्या त्या यादीत आधी याव्यात.